गार झाल्यावर घ्यायचे माप

फलकासाठी लिहून आणलेल्या कागदावर चार वाक्ये होती आणि चारही चुकीची होती. एखादे तरी चुकून बरोबर यावे, तर तेही नाही.

मजकूर असा होता: “बालपणी आईला भाकरी थापताना पाहून या मातीतल्या एका मुलाच्या मनात कल्पना रुजली. भाकरीने त्याला चिकटपणाचे शास्त्र शिकवले. वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली त्याने ते शास्त्र विमानाच्या साहित्याला लावले. त्यातून हे मौलिक उपकरण साकारले.”

बिदरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या यंत्र विभागाच्या प्रमुख हा कागद घेऊन राजेश्वर गावी माझ्या घरी आल्या होत्या. बाई मूळच्या निर्णा गावच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड. मी नोकरीत असताना तयार केलेल्या उपकरणाचा पहिला नमुना इतकी वर्षे माझ्या माळ्यावर पडून होता. तो त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवायचा होता आणि पेटीखाली पितळेचा फलक लावायचा होता. कोरणारा सोमवारी काम सुरू करणार होता. पितळेवर एकदा कोरले की खोडता येत नाही, आणि मी गेल्यावर भांडायला कोण येणार? म्हणून मी चष्मा लावला, लेखणी घेतली आणि पहिल्याच वाक्यावर काट मारली.

“बाई, माझी आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. त्या वयात माणसाची टाळूसुद्धा धड भरलेली नसते. कल्पना रुजणार कुठे?”

बाई हसल्या. “सर, लोकांना अशी गोष्ट आवडते.”

“लोकांना गूळही आवडतो. म्हणून विमानाच्या पंखाला लावायचा का?”

“मग खरे काय ते तुम्हीच सांगा.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मी निवृत्त झाल्यापासून थांबलो होतो.

खरे असे आहे. माझी सारी नोकरी हैदराबादेत, विमानांना लागणारे साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत झाली. तिथे कार्बनच्या धाग्यांचे काळे कापड येत असे. ते कारखान्यातच राळेत भिजवलेले असे. हे कापड कडक थंडीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे, लागेल तेव्हा बाहेर काढायचे, कापून थरावर थर रचायचे आणि मोठ्या बंद भट्टीत दाब देऊन भाजायचे. भाजल्यावर वजनाला पुठ्ठा आणि ताकदीला पोलाद असा पत्रा हाती येतो. अट एकच. थर रचताना राळ चिकट असली पाहिजे. कापड फार वेळ फ्रीझरबाहेर राहिले की राळ म्हातारी होते, थर एकमेकांना धरत नाहीत. किती तास बाहेर राहिले याची नोंद ठेवलेली असते. पण नोंद ठेवणारी माणसे असतात, आणि माणसे सुट्टीवर जातात.

तशाच एका जोडसुट्टीत फ्रीझर बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि कोणी काही लिहिले नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी कापडाची गुंडाळी सोडली, तर कापड कडक. आता ते नुसते गारठ्याने कडक झाले होते की म्हातारपणाने, हे कोणालाच सांगता येईना. आमचे साहेब म्हणाले, “फेंक दो.” ते हैदराबादचे, घरात तेलुगू, आमच्याशी दख्खनी.

फेकून द्यायला माझे मन धजेना, कारण मी ज्वारीच्या मुलखातला माणूस. आमच्याकडे पिठाला विरी असावी लागते. विरी म्हणजे पीठ एकमेकांना धरून राहते तो गुण. पीठ दळून फार दिवस झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणून काय कोणी पीठ फेकत नाही. घरातली बाई आधण ठेवते, उकळते पाणी घालून पीठ मळते, आणि पीठ पुन्हा धरते. मला वाढवले ते माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने. तिला हे करताना मी हजारदा पाहिले होते. मी गरम हवेचा झोत आणला, कापडावरून फिरवला, आणि काय सांगू, कापड असे चिकटले की हातमोजा सोडवायला दोघे लागले! सगळ्या प्रयोगशाळेला मी विरीवर एक व्याख्यान दिले. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात ओळखपत्र घातलेला मी, ताठ मानेने सांगत होतो की अभियांत्रिकी शिकायची असेल त्याने आधी बिदर जिल्ह्यात भाकरी खावी.

पत्रा भाजून बाहेर आला. वरून आरशासारखा. मग त्याची अल्ट्रासोनिक तपासणी झाली. पडद्यावर सगळीकडे एकसारखा रंग दिसायला हवा होता. दिसले ते खरपूस भाकरीवरचे डाग. करवतीने कड कापली, तर थरांमध्ये नख जाईल एवढी फट. पापुद्रा सुटला होता. भाकरीचा पापुद्रा सुटला तर करणारीचे कौतुक होते; विमानाच्या पत्र्याचा सुटला तर करणाऱ्याची चौकशी होते. नशिबाने तो पत्रा केवळ चाचणीचा होता, कोणत्याही विमानावर चढणार नव्हता. साहेबांनी तुकडा हातात घेतला, उलटून पाहिला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, “मियाँ, इसपे घी डालके खा लो.”

“म्हणजे भाकरीने तुम्हाला शिकवले नाही,” बाई म्हणाल्या.

“भाकरीने मला फसवले! हेच तर मी सांगतो आहे. तुमचे दुसरे वाक्यही गेले.”

त्या फजितीतून हे उपकरण जन्माला आले. रचना अगदी साधी आहे. खाली तापवता येणारी एक पाटी. तिच्यावर कापडाच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, ठरावीक वजनाचा रूळ एकदाच फिरवायचा आणि वरची पट्टी ताणकाट्याला लावून सोलायची. किती जोर लागला ते काट्यावर दिसते. इथवर काही नवल नाही. असे सोलून पाहणारे जगात पुष्कळ होते. माझे वेगळेपण पुढे आहे. मी माप दोनदा घेतो. एकदा पाटी गरम असताना आणि एकदा तीच जोडी गार होऊ देऊन. ताजे कापड गार झाल्यावरही धरून राहते. म्हातारे कापड गरम असेपर्यंत ताज्याची बतावणी करते आणि गार झाले की हात सोडते. नुसते गारठलेले कापड आणि विरी गेलेले कापड यांतला फरक त्या दुसऱ्या मापात कळतो. या मापाने पुढे कित्येक गुंडाळ्या फेकण्यापासून वाचवल्या आणि कित्येक वेळीच फेकल्या.

“आणि ते दुसरे माप,” मी बाईंना स्पष्ट सांगितले, “माझे आहे. फुटका पत्रा समोर ठेवून मी एकटा बसलो होतो, तेव्हा मला ते सुचले. बाकीचे श्रेय कोणाला वाटायचे ते वाटा. फलकावर एवढे एक नीट आले पाहिजे.”

बाईंनी जरा घुटमळत फोन काढला. “सर, तिसऱ्या वाक्यासाठी मी तुमच्या साहेबांना विचारले होते. त्यांनी निरोप पाठवला आहे. ऐकता?”

फोनमधून ओळखीचा खोकला आला आणि मागोमाग आवाज: “वो दूसरी रीडिंग तो मैंच बोला था ना! चाय पीते वक्त. पूछो उसको, भूल गया क्या?”

मी उठून उभा राहिलो. साहेब चहा पिताना फक्त चहा पीत, आणि चहा संपल्यावर कप कोणी धुवायचा यावर बोलत. माणूस मनाचा मोठा होता. माझी रजा त्यांनी कधी अडवली नाही आणि चौकशीत माझी बाजूही घेतली. पण दुसरे माप त्यांचे? मी आतून माझी कच्ची वही आणली. प्रयोगशाळेची पक्की नोंदवही तिथेच राहिली. ही माझी स्वतःची. रोजचे काम तारखेनिशी, माझ्या अक्षरात. साहेबांचा दावा निकालात काढायला ती पुरेशी होती.

“वही बरोबर घ्या,” बाई म्हणाल्या. “आणि आधण तुम्हाला आईने नाही तर कोणी दाखवले, ते तरी लिहू. कोण म्हणालात?”

“अक्का. हळ्ळीखेडला असते. लिहाच. चूक तिची, शोध माझा.”

हे मी विनोदाने म्हणालो होतो. तरी नोंदवून ठेवतो, कारण नंतर बाईंनी ते वाक्य चार ठिकाणी सांगितले.

बाईंना अक्काच्या तोंडून ऐकायचे होते, म्हणून त्यांच्या गाडीतून आम्ही हळ्ळीखेडला निघालो. मांडीवर उपकरण, उपकरणावर वही. अक्का ऐंशी ओलांडून गेली आहे, गुडघे कुरकुरतात, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. ती ओसरीत तूर निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप बाजूला सारले.

“ये तम्मा. कामून तोंड फुगवून आलास? कोन काय म्हनलं?”

माझी पंचाहत्तरी झाली, तरी या जगात मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारे एक माणूस आहे.

“कोणी काही म्हणाले नाही, अक्का. या बाई बिदरहून आल्या आहेत. माझे यंत्र काचेत ठेवणार आहेत.”

“काचेत? मग चालवनार कसं?”

“चालवायचे नाही. बघायचे.”

“मग देऊ नको,” अक्का म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

बाईंनी तिच्याजवळ बसून सगळे समजावले: काळे कापड, राळ, गरम माप, गार माप, साहेबांचा दावा. अक्का ऐकत राहिली. मध्येच तिने एक खडा उचलून बाहेर फेकला. बाईंचे बोलणे संपले तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी लहानपणी दुधाची साय खाऊन नाही म्हणायचो तेव्हा पाहायची.

“आन् हे गार झाल्यावर बगायचं, कुनी सांगितलं म्हनतोस?”

“कोणी नाही. मला सुचले.”

“तुला सुचलं?” तिने बाईंकडे पाहिले. “ह्याला सुचलं म्हने! अगं, येळवशीला म्याच म्हनलं की ह्याला. शेतात. हातात भाकरी धरून.”

येळवस म्हणजे आमच्या सीमाभागातली वेळ अमावास्या. त्या दिवशी सगळे घर शेतात जेवते. पहाटे उठून घरी भाकरी, भज्जी, आंबील करायची, डालीत भरून डोक्यावरून शेतात न्यायची, कडब्याच्या खोपीत पूजा करायची आणि मग दुपारी पंगत. तेव्हा नवी ज्वारी अजून शेतात उभी असते, म्हणजे पीठ गेल्या सालच्या ज्वारीचे.

“मी त्या साली येळवशीला आलोच नव्हतो,” मी म्हणालो. “चौकशी चालू होती. रजा कुठून मिळणार?”

“आलतास! आन् मूग गिळून बसलतास. कुनाशी बोलंना. मला आठ डाली भरून मानसांचं करायचं, घरचं पीठ सरलं, म्हनून शेजारनीकडनं आनलं. तिचं पीठ जुनं. आधन घालून थापलं. तव्यावर झ्याक झाल्या. शेतात नेऊन सोडल्या तर समद्या चिरलेल्या. तू एक उचललास आन् बगत बसलास. म्या म्हनलं, काय बगायलास? आधनाचं पीठ हाय. गरम हाय तवर खोटं बोलतंय. गार होऊ दे, मग इचार त्याला.”

“अक्का, हे तू आत्ता रचलेस.”

“रचायला मी काय तुझा साहेब हाय व्हय?”

बाईंना हसू आवरेना. मी मात्र चिडलो. तीस वर्षांहून अधिक काळ ज्या एका गोष्टीवर माझा ताबा होता, ती माझी बहीण तूर निवडता निवडता घेऊन चालली होती. मी वही उघडली. “हे बघा बाई. लिहिलेले खोटे बोलत नाही. पहिले गार माप कधी घेतले ते इथे आहे. त्याच्या मागेपुढे रजेची नोंद दाखवा.”

बाईंनी वही घेतली. एक पान, दोन पाने. मग फोनवर त्या सालची अमावास्या शोधली. मग पुन्हा वही.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “येळवशीच्या दिवशी तुमच्या वहीत फक्त एक शब्द आहे. रजा. आणि दुसऱ्या दिवशी पहिले गार माप.”

“योगायोग.”

“समासात आणखी काहीतरी लिहिले आहे. अक्षर तुमचेच आहे ना?”

मी चष्मा पुसला. समासात, तिरप्या घाईच्या अक्षरात, माझ्याच हाताने लिहिलेले: गार होऊ दे, मग विचार.

विचार. यंत्राला कोणी विचारत नाही. यंत्राचे माप घेतात. हा शब्द माझ्या धंद्यातला नव्हता.

आणि मग ते सगळे आले, एकदम, ऊन पडावे तसे. खोपीवरच्या कडब्याचा वास. आंबिलीचा आंबूस थंड घोट. माझ्या मांडीवर चिरलेली भाकरी, आणि समोर अक्का, पदर खोचलेली, केसांत कडब्याचा कण. ती माझ्या नोकरीविषयी काहीही न जाणता बोलत होती आणि मी तिच्याकडे न पाहता ऐकत होतो. रात्रीच्या गाडीने मी परत गेलो होतो. सकाळी पाटी तापवली, आणि पहिल्यांदा थांबलो.

मी हरलो होतो. माझ्याच वहीने, माझ्याच अक्षरात. आणि लपवत नाही, मला हसू आले. इतके आले की उपकरण मांडीवरून घसरले आणि बाईंनी झेलले. अक्काही हसू लागली. का ते तिला ठाऊक नसावे, पण मी हसतो तेव्हा ती नेहमीच हसते.

“ऐकणे वेगळे आणि उपकरण करणे वेगळे,” मी जरा सावरल्यावर म्हणालो. शरण जाण्याची मला सवय नाही.

“मग? मशीन तूच केलास की. मी कुठं न्हाई म्हनायले?”

“तुझे नाव फलकावर घालतो.”

“नको रे बाबा! पितळंवर नाव भांड्याला घालत्यात, लग्नात दिलेल्या. मी काय भांडं हाय?”

“बरे. नाव नाही. माझेही नाही. पण खरे काय ते लिहिणार.”

तिथेच, ओसरीत, तुरीच्या ढिगाजवळ मी नवा मजकूर लिहिला. तीन वाक्ये: “करणारा आधी चुकला. गार झाल्यावर पुन्हा माप घे, असे त्याला थोरल्या बहिणीने सांगितले होते आणि ते तो विसरला होता. उपकरण मात्र त्याने स्वतःच्या हाताने केले.”

बाईंनी वाचले. “सर, ‘विसरला होता’ असे पितळेवर?”

“कोरा.”

“आणि ‘मात्र’?”

“तो तर खोल कोरा.”

अक्काने एकच अट घातली. काचेत घालण्याआधी यंत्र एकदा चालले पाहिजे, आणि पिठावर. बाईंनी ती तिथल्या तिथे मान्य केली.

फलक लावण्याच्या दिवशी प्रयोगशाळेत मुले, मुली, शिक्षक दाटीवाटीने उभे होते. हैदराबादहून साहेब स्वतः आले, काठी टेकत. त्यांनी फलक दोनदा वाचला.

“इसमें मेरा नाम किधर है?”

“साहेब, माझेही नाही.”

त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खुर्चीवर बसलेल्या अक्काकडे पाहिले आणि मला म्हणाले, “तो मैं चाय पे जो बोला था, वो इन्होंने पहले बोल दिया था?”

“होय.”

“फिर ठीक है,” साहेब म्हणाले. आमच्या ओळखीत त्यांनी माझे म्हणणे पहिल्यांदाच विनातक्रार मान्य केले. मी तारीख लिहून ठेवली आहे.

अक्काने घरून दोन गोळे मळून आणले होते, एक ताज्या पिठाचा आणि एक जुन्या पिठाचा, आधणाचा. सुती पट्ट्यांना दोन्ही पातळ लावले. पाटी तापली. तिने स्वतः रूळ फिरवला, नऊवारीचा पदर सावरत, लाटणे फिरवावे तितक्या सहज. मी ताणकाटा ओढला. जुने पीठ ताज्यापेक्षा कणभर सरसच निघाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य भाषणाचा कागद घेऊन पुढे झाले.

“थांबा की,” अक्का म्हणाली. “आत्ताच काय टाळ्या वाजवायलाव? गार होऊ द्या.”

प्राचार्य थांबले. सगळेच थांबले. खिडकीतून वारा येत होता, कोणीतरी पंखा लावायला निघाले तर साहेबांनी काठी आडवी धरली: आपोआप गार झाले पाहिजे, नाहीतर माप खोटे. मी म्हणालो, हे मी आधी सांगणार होतो. साहेब म्हणाले, सांगितले नाहीस. मुले खाली फरशीवर बसली. चहा आला, फिरला, संपला. प्राचार्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि तेही एका स्टुलावर टेकले. अक्काने उलट्या बोटांनी पाटीला स्पर्श केला, सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि तिने मान हलवली.

“अजून न्हाई,” ती म्हणाली.